तीस रात्रींची चावडी

अरब जगातल्या दूरचित्रवाणीचे वर्ष चंद्राच्या कलेने चालते. पटकथा कधी पुरी करायची, चित्रीकरण कधी आटोपायचे, कोणत्या नटाने कोणते महिने राखून ठेवायचे, हे सारे रमजानच्या चंद्रदर्शनावर नजर ठेवून ठरते. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे येतो, आणि त्याच्या मागोमाग कैरो, दमास्कस, बैरूत, कुवेत आणि रियाध इथला मालिकांचा सगळा धंदाही अलीकडे सरकतो. २०१२ मध्ये हा महिना भर जुलैत सुरू झाला होता, २०२५ मध्ये मार्चच्या पहिल्या तारखेला. मालिकेला अरबीत ‘मुसलसल’ म्हणतात. आपल्या ओळखीचा ‘सिलसिला’ हा शब्द त्याच धातूचा, अर्थ साखळी. रमजानचे २९ किंवा ३० दिवस आणि मालिकेचे साधारण ३० भाग अशी ही साखळी आहे, रोजची एक कडी. वर्षभरातल्या सर्वांत महागड्या, सर्वांत गाजणाऱ्या आणि सर्वांत वादग्रस्त मालिका बहुतांशी या एका महिन्यात सुरू होतात आणि ईदपर्यंत संपतात.

उपवासाच्या आणि प्रार्थनेच्या महिन्यात करमणुकीचा एवढा पूर का यावा, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. मराठी वाचकाला तो फार पडू नये. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडेही लेखक, चित्रकार, जाहिरातदार आणि वाचक यांचे वर्ष एका सणाभोवती फिरत आले आहे. दिवाळी अंकात लक्ष्मीपूजनावर लेख असतोच असे नाही, तरीही तो दिवाळीचाच असतो, कारण सणाने लोकांना एकाच वेळी फुरसत दिलेली असते आणि एकच गोष्ट अनेकांनी वाचल्याशिवाय तिची चर्चा होत नाही. रमजानच्या मालिकांचे मर्मही इथेच सापडते. या महिन्याने मालिकेला प्रेक्षक दिले हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने तिला चावडीचे स्थान दिले. ज्या समाजांत मोकळ्या राजकीय सभा, निर्भय वृत्तपत्रे आणि खुल्या निवडणुका यांची वानवा आहे, तिथे घरातला कर्ता, सून, आजी आणि शाळकरी पोर एकाच रात्री एकच कथा पाहतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर वाद घालतात. ही चावडी मौल्यवान आहे, म्हणूनच तिच्यावर पैशाचा, सत्तेचा आणि धर्मपीठांचा डोळा आहे. रमजानच्या मालिका चांगल्या की वाईट, हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. त्या चावडीवर कोणाला बोलू दिले जाते, हे विचारायला हवे.

आधी या चावडीचे घड्याळ पाहू. सूर्यास्ताची अजान होते, खजूर आणि पाणी घेऊन रोजा सुटतो आणि घरातली सगळी माणसे एका जागी जेवायला बसलेली असतात. आधुनिक शहरात वर्षाच्या इतर दिवशी हे क्वचितच घडते. कोणी कामावर, कोणी शिकवणीला, कोणी बाजारात असतो. रमजानमध्ये मात्र कार्यालयांच्या वेळा आखडतात आणि सूर्यास्त साऱ्या शहराला एकाच क्षणी घरी आणतो. वाहिन्या आपला संध्याकाळचा कार्यक्रम याच चालीवर बसवतात. इफ्तारच्या आसपास हलकीफुलकी विनोदी मालिका किंवा लोकांची फिरकी घेणारे कार्यक्रम, मग रात्रीच्या तरावीहच्या नमाजेच्या आगेमागे कौटुंबिक आणि सामाजिक कथानके, आणि रात्र चढत जाते तसे पुनःप्रक्षेपण, ते थेट पहाटेच्या सहरीच्या जेवणापर्यंत. एवढे प्रेक्षक एकाच वेळी पडद्यासमोर असले की जाहिरातींचे भाव चढतात. मोबाइल कंपन्या, खाद्यपदार्थ, बँका, घरबांधणी कंपन्या, इतकेच काय धर्मादाय रुग्णालयेही, आपली वर्षातली मोठी जाहिरात याच महिन्यासाठी राखतात. हा पैसा आगाऊ दिसत असल्यामुळेच निर्माते वर्षातले सर्वांत मोठे धाडस रमजानमध्ये करतात. धर्माचे वेळापत्रक आणि बाजाराचे वेळापत्रक असे एकात एक गुंफले गेले आहे.

ही गुंफण दूरचित्रवाणीने जन्माला घातलेली नाही. दमास्कसमध्ये उमय्या मशिदीच्या पिछाडीला नौफरा नावाचे जुने कॉफीगृह आहे. तिथे उंच आसनावर बसून अंतरा, बैबर्स यांच्या शौर्यकथा सांगणाऱ्या ‘हकवाती’ची परंपरा आपल्या काळापर्यंत टिकून होती. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये इजिप्तमधल्या चालीरीतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने कैरोतल्या कथेकऱ्यांची रीतसर मोजदाद दिली आहे. एकट्या अबू झैदची कथा सांगणारे त्याला सुमारे पन्नास जण आढळले, आणि हे लोक विशेषतः धार्मिक सणांच्या संध्याकाळी कॉफीगृहांत येतात असेही त्याने नोंदवले. दमास्कसमध्ये एक दंतकथा अजून सांगतात. हकवातीने एका रात्री अंतराला शत्रूच्या कैदेत टाकून कथा थांबवली. एका श्रोत्याला झोप लागेना. मध्यरात्री उठून त्याने हकवातीचे दार ठोठावले आणि आपल्या नायकाला सोडवल्याशिवाय परत जाणार नाही असे त्याला बजावले. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिने सांगितलेले नाते खरे आहे. कथेकरी उद्याच्या रात्रीसाठी श्रोत्यांवर अवलंबून होता आणि श्रोते त्याला जाब विचारू शकत होते.

नभोवाणीने ही सवय कॉफीगृहातून घरात आणली. कैरो नभोवाणीवर १९५५ पासून ताहिर अबू फाशा यांनी लिहिलेल्या अरबी सुरस कथा रमजानच्या रात्री ऐकू येऊ लागल्या आणि झूझू नबील यांचा आवाज पिढ्यांसाठी शहरझादचा आवाज झाला. त्याच दशकात आमाल फहमी यांनी नभोवाणीवर रमजानची कोडी, म्हणजे ‘फवाझीर’, सुरू केली. पुढे १९७५ पासून नेल्लीने आणि ऐंशीच्या दशकात शरीहानने तीच कोडी नृत्य, वेशभूषा आणि गाण्यांनी नटवून पडद्यावर आणली. इजिप्तची दूरचित्रवाणी २१ जुलै १९६० रोजी सुरू झाली. ती सरकारी होती, आणि ज्या राज्यकर्त्यांनी ती उभारली त्यांना तिच्याकडून राष्ट्रघडणीची अपेक्षा होती. निरक्षर शेतकरी आणि सुशिक्षित शहरी एकाच कथेने बांधले जावेत, हा तिच्यामागचा हेतू होता. रमजानची जमलेली बैठक त्या हेतूला आयतीच मिळाली.

या संगमातून जे श्रेष्ठ घडले त्याचे नाव ‘लयाली अल-हिल्मिया’, म्हणजे हिल्मियाच्या रात्री. लेखक ओसामा अनवर ओकाशा, दिग्दर्शक इस्माईल अब्देल हाफिझ. १९८७ ते १९९५ या काळात तिचे पाच हंगाम झाले. कैरोतल्या हिल्मिया या जुन्या वस्तीत पाशा सलीम अल-बद्री आणि गावाकडून आलेला उमदा, म्हणजे गावप्रमुख, सुलेमान गानिम यांचे वैर सुरू होते आणि त्या वैराच्या आडून इजिप्तचे अर्धे शतक पुढे सरकते. राजा फारूखचा काळ, १९५२ ची क्रांती, नासर, १९६७ चा पराभव, सादातचे खुल्या बाजाराचे धोरण आणि त्यातून रातोरात गबर झालेले नवे शेठ. याह्या अल-फखरानी आणि सलाह अस-सादनी या दोन नटांनी हे वैरी असे उभे केले की त्यांच्या भांडणातून प्रेक्षकाला आपल्या देशाचा ताळेबंद मांडता आला. खुल्या बाजाराने माणसामाणसांतली नाती कशी पोखरली हा ओकाशांचा कायमचा विषय होता, आणि तो त्यांनी सरकारी वाहिनीवरून मांडला. सादातच्या धोरणांवर वृत्तपत्रात जितके बोलता येत होते, त्याहून अधिक इथे सूचित होत होते. रोज रात्री एक मोहल्ला पाहता पाहता लोक आपल्या राज्यकर्त्यांचा हिशेब करत होते.

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि ही चावडी एका देशाची न राहता बावीस देशांची झाली. सौदी भांडवलाची ‘एमबीसी’ १९९१ मध्ये लंडनहून सुरू झाली, २००२ मध्ये दुबईला आली आणि आता तिचे मुख्यालय रियाधला आहे. आखाताच्या पैशाला कथा हव्या होत्या, आणि सीरियाकडे लेखक, रंगभूमीवर तयार झालेले नट आणि जुन्या शहरांतले रस्ते होते. यातून सीरियन मालिका इजिप्तच्या बरोबरीला आल्या. हातिम अली हे या काळातले सर्वांत मोठे नाव. त्यांचा जन्म गोलान टेकड्यांवरचा. १९६७ च्या युद्धात त्यांचे कुटुंब विस्थापित झाले. पॅलेस्टिनी लेखक वलीद सैफ यांच्याबरोबर त्यांनी २००४ मध्ये ‘अत-तगरीबा अल-फलस्तीनिया’ केली. तीसच्या दशकातल्या बंडापासून १९४८ च्या विस्थापनातून १९६७ पर्यंत जाणारी ती एका शेतकरी कुटुंबाची कथा आहे. तिच्यात वीर भाषणे देत नाहीत. तिच्यात घर, जमीन, भावाभावांतले तंटे आणि निर्वासितांच्या छावणीतला ओलावा धरलेला तंबू आहे. तीन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने इजिप्तच्या राजा फारूखवर मालिका केली आणि फारूखची भूमिका तैम हसन या सीरियन नटाने केली. क्रांतीनंतर पाठ्यपुस्तकांनी खलनायक ठरवलेला राजा इजिप्तच्या घराघरांत माणूस म्हणून दिसला आणि राजेशाही, पक्षीय राजकारण, संसद यांविषयी वाद पेटला. आपल्याच राजाची कथा शेजारच्या देशातल्या माणसांकडून ऐकताना इजिप्तला आपला इतिहास नव्याने तपासावा लागला.

सौदी अरेबियाचे उदाहरण याहून बोलके आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून २०१८ पर्यंत त्या देशात सार्वजनिक चित्रपटगृह नव्हते. नाटकाला फारशी जागा नव्हती, राजकीय पक्षांना मुभा नव्हती. अशा देशात १९९३ मध्ये ‘ताश मा ताश’ ही विनोदी मालिका सरकारी वाहिनीवर सुरू झाली आणि २०११ पर्यंत तिचे अठरा हंगाम रमजानमध्ये झाले. नासिर अल-कसबी आणि अब्दुल्ला अस-सदहान हे दोघे रोज नवी गोष्ट, नवी वेशभूषा घेऊन येत. कधी लाचखाऊ कारकून, कधी धर्मरक्षक पोलिसांचा जाच, कधी स्त्रियांना वाहन चालवू न देण्याची तऱ्हा. धर्मपंडितांनी तिच्याविरुद्ध फतवे काढले. २००८ मध्ये सौदीच्या सर्वोच्च न्यायमंडळाचे प्रमुख सालेह अल-लुहैदान यांनी अनैतिक कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांच्या मालकांना न्यायालयीन मार्गाने देहदंडही देता येईल असे म्हटले. मालिका तरीही चालू राहिली, कारण ती ज्यांच्याविषयी होती तेच लोक इफ्तारनंतर तिच्यासमोर बसून हसत होते. २०१५ मध्ये अल-कसबी यांनी ‘सेल्फी’ या मालिकेत आयसिसमध्ये सामील झालेल्या मुलाला शोधायला निघालेल्या बापाची गोष्ट केली आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अतिरेकी संघटनेला मालिकेतल्या एका भागाची भीती वाटावी, यातच त्या बैठकीचे बळ दिसते.

पहिला गंभीर आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. रमजान हा संयमाचा, कुराणपठणाचा, दानाचा महिना. दिवसभर भूक सोसून रात्री चार-चार मालिकांसमोर बसणे आणि मधल्या जाहिरातींतून खाण्याची, खरेदीची भूक पेटवून घेणे, हे त्या महिन्याच्या आत्म्याशी विसंगत आहे, असे अनेक श्रद्धावान लोक मनापासून म्हणतात. मालिकांच्या भडक दृश्यांबद्दलची चिंताही निराधार नाही. इजिप्तमधला अमली पदार्थ नियंत्रण आणि उपचार निधी दरवर्षी रमजानच्या मालिकांमधली धूम्रपानाची आणि नशेची दृश्ये मोजतो, कारण ती मुलेही पाहत असतात. हा आक्षेप जिथे जाहिरातींच्या माऱ्याला लागतो तिथे तो मान्य करायला हवा. पण तो कथेलाच लावला की त्याला इतिहासाचा आधार उरत नाही. रमजानच्या रात्री गजबजलेल्या असाव्यात, लोकांनी एकत्र बसावे, कथा ऐकाव्यात, ही त्या समाजाची जुनी रीत आहे. लेनच्या कैरोत नमाजही होती आणि कथेकरीही होता. शिवाय संयम म्हणजे फक्त अन्नाचा त्याग नव्हे. शेजाऱ्याचे दुःख ओळखणे हाही त्या महिन्याचा उपदेश आहे, आणि चांगली मालिका नेमके तेच काम करते.

याची उत्तम साक्ष इजिप्तच्या दोन मालिकांच्या तुलनेतून मिळते. २००१ च्या रमजानमध्ये ‘हाज मेतवल्लीचे कुटुंब’ गाजली. नूर अश-शरीफ या लोकप्रिय नटाने गरिबीतून वर आलेला कापडव्यापारी उभा केला होता. त्याच्या चार बायका एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात असे तिच्यात दिसत होते. स्त्रियांच्या संघटनांनी तिच्यावर कडाडून टीका केली, कारण बहुपत्नीत्वातला अन्याय तिने गोडगोजिरा करून टाकला होता. २०२३ मध्ये त्याच देशात, त्याच महिन्यात ‘तहत अल-विसाया’, म्हणजे पालकत्वाखाली, ही १५ भागांची मालिका आली. लेखन खालिद आणि शिरीन दियाब या भावंडांचे, दिग्दर्शन मुहम्मद शाकिर खुदैर यांचे, मुख्य भूमिकेत मोना झकी. नवरा वारलेली हनान दोन मुलांना घेऊन जगायला निघते, पण मुलांच्या वाट्याच्या पैशावर तिचा अधिकार नसतो. १९५२ च्या ११९ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे वडिलांच्या पश्चात अज्ञान मुलांच्या मालमत्तेचे पालकत्व त्यांच्या वडिलांच्या वडिलांकडे जाते. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाच्या नावचा पैसा काढायला आईला सासऱ्याची किंवा न्यायालयाची परवानगी लागते. हनान नवऱ्याची मासेमारी बोट घेऊन दमिएत्ता बंदरात येते आणि पुरुषांच्या त्या धंद्यात उभी राहते. मालिका सुरू असतानाच इजिप्तमधल्या विधवा आपापल्या कहाण्या उघडपणे सांगू लागल्या आणि संसदेत या कायद्याच्या दुरुस्तीची मागणी पुढे आली. एका मालिकेने कायदा ताबडतोब बदलला नाही. पण सत्तर वर्षे प्रत्येक घरात एकटीने सोसलेली गोष्ट पंधरा रात्रींत सगळ्यांची झाली. ज्या सासऱ्यांच्या हातात तो अधिकार होता, ते सासरेही त्याच खोलीत बसून पाहत होते, याचे मोल मोठे आहे. हाच विषय एखाद्या चर्चासत्रात मांडला असता तर तिथे फक्त पटलेलेच आले असते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. ही चावडी आता सरकारने ताब्यात घेतली आहे, असे टीकाकार म्हणतात, आणि इजिप्तपुरते ते बव्हंशी खरे आहे. २०१६ नंतर वाहिन्या आणि निर्मितीसंस्था एका मोठ्या माध्यमसमूहाखाली आल्या. या समूहाचे धागे गुप्तचर यंत्रणेपर्यंत जातात असे शोधपत्रकारांनी दाखवले आहे. २०२० मध्ये ‘अल-इख्तियार’, म्हणजे निवड, ही मालिका आली. २०१७ मध्ये सिनाईतल्या हल्ल्यात मारला गेलेला अहमद मनसी हा अधिकारी तिचा नायक होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या हंगामाने कैरोच्या रबा चौकात २०१३ मध्ये झालेल्या रक्तपाताची सरकारी बाजू मांडली, आणि २०२२ च्या तिसऱ्या हंगामात यासिर गलाल यांनी चक्क विद्यमान राष्ट्राध्यक्ष सीसी यांची भूमिका केली. त्यात बंदिस्त बैठकांची खरी ध्वनिचित्रमुद्रणेही वापरली होती. ज्या घटनेत शेकडो निदर्शक मारले गेले तिची दुसरी बाजू मांडायला कोणत्याही वाहिनीवर जागा नव्हती. इथे मालिका चावडी राहत नाही, ती दवंडी होते. दवंडीतही कलाकुसर असू शकते, नट उत्तम असू शकतात, शहीद सैनिकाच्या आईचे दुःख खरे असते. पण ऐकणाऱ्याला उलट बोलता येत नसेल तर त्या दुःखाचाही वापर होतो.

म्हणून सगळ्याच मालिकांना प्रचाराच्या पोतडीत टाकावे का? लीला अबू-लुघोद या मानववंशशास्त्रज्ञाने दक्षिण इजिप्तमधल्या एका खेड्यात आणि कैरोत घरकाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये वर्षानुवर्षे मिसळून या मालिकांचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. शहरी लेखक जो धडा द्यायला निघतात तो प्रेक्षक जसाच्या तसा घेत नाहीत, असे त्यांना दिसले. बाया नायिकेच्या दुःखात आपले दुःख पाहतात, लेखकाने दिलेली आधुनिकतेची शिकवण बाजूला ठेवतात, आणि टीव्हीतले जग आपले नाही हेही त्यांना पक्के ठाऊक असते. प्रेक्षक मातीचा गोळा नसतो. आणि दुसरे असे की ‘अल-इख्तियार’ ज्या बंदिस्त उद्योगातून आली, त्याच उद्योगातून त्याच वर्षांत ‘तहत अल-विसाया’ही आली. २०२५ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासारखा दडपलेला विषय घेणारी ‘लाम शम्सिया’ही तिथलीच. सत्तेने सैन्याविषयी, राष्ट्राध्यक्षांविषयी, तुरुंगांविषयी बोलणे बंद केले, तरी घराच्या आतला अन्याय बोलण्याची फट लेखिकांनी आणि दिग्दर्शकांनी रुंद करत नेली. ही तडजोड सुखाची नाही. घराच्या आतल्या अन्यायाची मुळे पुष्कळदा राज्यकारभारात असतात, आणि तिथे पोचण्याआधीच कथा अडते. तरीही मिळालेली फट वापरणाऱ्यांना प्रचारकांच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल.

चावडीवर खोटेही सांगितले जाते, आणि सर्वांनी एकत्र ऐकल्याने ते अधिक पक्के होते. हा धोका मला सरकारी प्रचाराइतकाच मोठा वाटतो. २००६ पासून एमबीसीवर आलेली ‘बाब अल-हारा’, म्हणजे मोहल्ल्याचे द्वार, ही बस्साम अल-मल्ला यांची सीरियन मालिका अरब जगात अफाट लोकप्रिय झाली. फ्रेंच राजवटीतला दमास्कसचा एक मोहल्ला, शूर पुरुष, बुरख्याआडच्या आज्ञाधारक बायका, रात्री बंद होणारा दरवाजा. तुटत चाललेल्या शेजाराची ओढ लोकांना तिच्यात भागवता आली, आणि पुढे युद्धाने सीरियन माणसे देशोधडीला लागली तेव्हा त्या दरवाजाचा अर्थ आणखी हळवा झाला. पण त्या काळच्या दमास्कसमध्ये विद्यापीठ होते, वृत्तपत्रे होती, राजकीय पक्ष होते, आणि मेरी अजमी यांनी तर १९१० मध्येच स्त्रियांसाठी ‘अल-अरूस’ हे मासिक काढले होते. मालिकेने त्या शिकलेल्या, चळवळ्या स्त्रियांना स्मरणातून जवळजवळ पुसून टाकले. याहून विषारी उदाहरण २००२ चे. इजिप्तच्या ‘फारिस बिला गवाद’ने झारकालीन रशियात रचलेल्या एका बनावट यहुदीविरोधी दस्तऐवजाचा आधार कथानकात घेतला आणि जगभरातून निषेध झाला. त्या निषेधाला उत्तर म्हणून कलास्वातंत्र्य पुढे करण्यात आले, पण खोट्या कागदावर उभा केलेला द्वेष स्वातंत्र्याच्या नावाने पावन होत नाही. त्याचा खरा प्रतिवाद तेरा वर्षांनी त्याच पडद्यावर झाला. २०१५ च्या ‘हारत अल-यहूद’ने चाळीसच्या दशकातल्या कैरोची यहुदी वस्ती, तिथले शेजारी आणि एक यहुदी तरुणी माणुसकीने उभी केली. तिच्यावरही वेगवेगळ्या बाजूंनी टीका झाली, पण एका पिढीला आपल्या शहरात असे शेजारी होते हे प्रथमच दिसले.

इतिहास पवित्र असेल तर हा वाद आणखी तीव्र होतो. २०१२ मध्ये एमबीसी आणि कतार दूरचित्रवाणी यांनी खलीफा उमर यांच्यावर ३१ भागांची मालिका केली. लेखक-दिग्दर्शक पुन्हा वलीद सैफ आणि हातिम अली. प्रेषितांच्या निकटच्या साथीदाराला नटाच्या चेहऱ्याने दाखवावे का, यावर कैरोच्या अल-अझहर या धर्मपीठाने विरोध केला, तर निर्मात्यांनी नामवंत धर्मपंडितांची समिती नेमून संहिता तपासून घेतली होती. २०२५ मध्ये उमय्या खलीफा मुआविया याच्यावरची ‘मुआविया’ ही मालिका आली तेव्हा इराकने तिचे प्रक्षेपण आपल्या देशात थांबवले, कारण सुन्नी आणि शिया यांच्या स्मृतीत ही व्यक्ती अगदी वेगवेगळ्या जागी उभी आहे. बंदीने ते मतभेद मिटत नाहीत. पण यातून एक गोष्ट लक्षात येते. तेराशे वर्षांहून जुन्या घटनांवरची मालिका एखाद्या शासनाला आजच्या शांततेचा प्रश्न वाटते, इतके वजन या महिन्यातल्या कथेला आहे.

तिसरा आक्षेप भविष्याचा आहे. ‘शाहिद’, ‘वॉच इट’ यांसारख्या ऑनलाइन मंचांवर आता प्रत्येकजण हवे तेव्हा, हवे ते पाहू शकतो. तीस भागांऐवजी पंधरा भागांच्या मालिका वाढल्या आहेत. मग एकत्र बसण्याची ही बैठक मोडणार नाही का? काही प्रमाणात मोडेल. मोबाइलवर एकटा पाहणारा तरुण आजीच्या शेजारी बसून प्रश्न विचारत नाही. पण पंधरा भागांनी कथेचा फायदाच झाला आहे. महिना भरून काढण्यासाठी ताणलेली दृश्ये कमी झाली, आणि ‘तहत अल-विसाया’सारखी कथा आपल्या नैसर्गिक लांबीत सांगता आली. शिवाय मंच बदलले तरी सूर्यास्त बदललेला नाही. मंचांनाही आपले मोठे काम रमजानलाच आणावेसे वाटते, कारण माणसाला गोष्ट एकट्याने पाहता आली तरी तिच्यावर बोलायला दुसरे माणूस लागते, आणि ते माणूस या महिन्यात ताटाच्या पलीकडेच बसलेले असते.

म्हणून रमजानच्या मालिकांवर बंदी घालणे किंवा त्यांना अभय देणे, यातले काहीच पुरेसे नाही. तीस रात्री सारा समाज एकत्र आणण्याची ताकद धर्माने दिली, बाजाराने ती पोसली आणि सत्तेने ती हेरली. तिचे सार्थक मात्र तिथे कोणाला बोलू दिले जाते यात आहे. हनानची कथा सांगायला मुभा मिळाली आणि रबा चौकात मारल्या गेलेल्यांची मिळाली नाही, हा फरक जोपर्यंत आहे तोपर्यंत ही चावडी अर्धीच आहे. दमास्कसच्या त्या श्रोत्याला मध्यरात्री हकवातीचे दार ठोठावता आले, कारण दार एका माणसाचे होते आणि तो माणूस त्याच गल्लीत राहत होता. आजचा कथेकरी वाहिनीच्या, मंत्रालयाच्या आणि जाहिरातदाराच्या दारांआड आहे. तरीही २०२३ मध्ये इजिप्तच्या विधवांनी ठोठावले आणि तो आवाज संसदेपर्यंत गेला. जी मालिका अशा ठोठावण्याला दार उघडते, ती रमजानच्या रात्रींचा मान राखते.